पहिलं रजिस्टर

अरे, गेल्या महिन्यात माझी नोकरी जाता जाता वाचली. आमची इन्शुरन्स संस्था जुनी. बोटीने अमेरिकेत येऊन मिनेसोटात वसलेल्या शेतकऱ्यांनी, एखादा गेला तर बाकीच्यांनी त्याचं घर सांभाळायचं, म्हणून काढलेली. त्यांच्या सह्यांचं पहिलं रजिस्टर मला स्कॅन करायचं होतं. सोमवारी बघतो तर कपाट रिकामं! आणि शुक्रवारी त्या खोलीतले खोके मीच श्रेडिंगला पाठवलेले.

घाम फुटला यार. श्रेडिंगवाल्याला फोन केला, तर म्हणाला, "सगळं कापून झालं." शेवटी ते रजिस्टर इतकी वर्षं जपणाऱ्या आमच्या रिटायर्ड सेक्रेटरी मार्गारेटबाईंच्या घरी कबुली द्यायला गेलो. आत गेलो, तर टेबलावर रजिस्टर!

"नातीला माझ्या आजोबांची सही दाखवायची होती, म्हणून गुरुवारी घरी आणलं. कपाटाची एक चावी अजून माझ्याकडेच आहे ना," बाई म्हणाल्या.

मी खुर्चीत बसून श्रेडिंगचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी कॉफी दिली, पाठीवरून हात फिरवला. "घाबरू नकोस. आमच्या मेंबरला आम्ही एकटं सोडत नाही."

"पण मी मेंबर नाहीये. फक्त नोकरी करतो."

बाई ताडकन उठल्या आणि मेंबरशिपचा फॉर्म घेऊन आल्या. खरं सांगतो, तेव्हा त्यांनी दहा फॉर्म आणले असते, तरी मी भरले असते!