आतली कडी

एक्स-रेच्या रांगेत माझ्या पुढे दोघी नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीचा उजवा हात गळ्यात बांधलेल्या फडक्यात होता.

"वहिनी, आत विचारलं तर पाय घसरला म्हणून सांग हं."

"सांगते."

"दादा खरंच सुधारलाय गं. सहा महिने थेंबाला शिवला नाही."

"नाही शिवला."

"सुतार असून इतकी वर्षं स्वतःच्या घरात खिळा ठोकला नव्हता त्यानं!"

"आता सगळं केलं. खिडक्या रंधा मारून नीट बसवल्या, ओट्याखाली कप्पे केले. आणि बाथरूमची आतली कडी काढून टाकली."

"ती का?"

"म्हणाला, माझ्या भीतीनं तू आत कोंडून घ्यायचीस. तो माणूस आता राहिला नाही, मग कडी कशाला?"

"बघ! किती मनाला लागलंय त्याच्या."

"स्क्रूची भोकं लांबी भरून बुजवली, घासली, वरून रंग दिला. हात चांगला आहे हो त्याचा."

"मग काल पुन्हा घेतली का?"

"नाही ताई. पूर्ण शुद्धीत होता."

"अगं, मग झालं काय?"

"आमटी खारट झाली. तो उठला तशी मी सवयीनं बाथरूममध्ये पळाले, दार लोटलं आणि कडी लावायला हात वर केला."

"आणि?"

"गुळगुळीत लागलं. इथे कधी कडी होती, हेसुद्धा कळू नये इतकं गुळगुळीत."