अध्यक्षांचं मत आणि ट्रॅक्टरचं तेल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, बदरपूर बॉर्डरच्या जाममधून वाट काढत सरोजिनी नगरहून इथवर सुखरूप पोहोचलेले आदरणीय डॉ. पद्माकर आगटे, आपले सत्कारमूर्ती आणि आजच्या दिवसापुरते अजून आपल्या संस्थेचे अध्यक्ष असलेले श्री. भालचंद्रराव पाटणकर, सौ. लतिकाताई, आपले खजिनदार इंद्रजित आणि कार्यकारिणीचे सभासद, चार वेळा खूण करूनही खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून उभे राहिलेले आपले ट्रॅक्टरचालक द्वारकाजी, आणि मराठी मित्र सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

भालचंद्रराव आणि लतिकाताई आता लेकीकडे, पानिपतला राहायला निघाले आहेत. मराठी माणूस पानिपतला निघाला म्हटल्यावर जो विनोद सुचतो, तो आज माझ्या आधीच्या चारही वक्त्यांनी केला आहे. त्यामुळे माझी सुटका झाली.

मला चिटणीस म्हणून गौरवपर बोलायला सांगितलं आहे. बोलते. पण उद्यापासून अध्यक्षपदाची माळ माझ्या गळ्यात पडते आहे, आणि अध्यक्षांना मत नसतं, असं आपण याच गृहस्थांकडून शिकलो. तेव्हा मत असलेली बाई म्हणून माझं हे शेवटचंच भाषण. जरा सांभाळून घ्या.

नव्या सभासदांना भालचंद्ररावांचं अध्यक्षपण काय होतं, याची कल्पना यायची नाही. आम्ही बहुतेक जण दिल्लीतल्या सरकारी क्वार्टर्समधून उठून इथे फरीदाबादला आलो, तेव्हा बिल्डिंग होती, रस्ता नव्हता. नळ होते, पाणी नव्हतं. माणसं भांडायला उठलेली असायची. अशा सभांमध्ये हे गृहस्थ सरळ बसायचे, दोन्ही बाजूंना सारखा वेळ द्यायचे आणि स्वतः चकार शब्द काढायचे नाहीत. हात वर करून मत दिलेलं तर मी यांना कधीच पाहिलं नाही. घरीसुद्धा तेच. लतिकाताई सांगतात, चहा की कॉफी विचारलं तरी म्हणायचे, "बाकीच्यांचं काय ठरलंय?"

आम्हांला केवढं कौतुक होतं या तटस्थपणाचं! कौतुक वाटावं अशीच गोष्ट होती ती. मला ते ट्रॅक्टरच्या प्रकरणापर्यंत वाटत होतं.

पाणी नाही म्हणून संस्थेने एक लहान डिझेल ट्रॅक्टर घेतला, आठवतंय ना? हिरवट रंगाचा, बुटका. त्याच्यामागे टँकर जोडायचा, पलीकडच्या ट्यूबवेलवरून भरून आणायचा आणि जमिनीखालच्या आपल्या टाकीत सोडायचा. तोवर रस्ता झाला होता, पण थरावर थर चढवून इतका उंच केलेला की गेटातून आत यायचं म्हणजे चांगला उतार. आणि उताराच्या पायथ्याशी टाकी. टाकीपाशी बादल्या घेऊन आपण सगळ्या.

वर्षभराने त्याचं तेल बदलायची वेळ आली. आता हे काम मेकॅनिकला सांगून संपलं असतं. पण आपण मराठी माणसं. आपण सभा बोलावली.

हसू नका, ती सभा अडीच तास चालली. तोवर बाजार खुला झाला होता. पूर्वी पेट्रोल पंपावर ड्रममधून मिळेल ते तेल घ्यायचं. आता दुकानात विलायती डबे आले होते, सोनेरी, लाल, निळे. इंद्रजित तेव्हा पुण्याहून नवा नवा आला होता, टाय लावून. त्याने एक सोनेरी डबा आणला. मोटारीच्या इंजिनाचं, सगळ्यात उंची तेल. म्हणाला, "पुढे इंजिनात हेच, मागे हायड्रॉलिकमध्येही हेच. एक डबा, एक खर्च, नो कन्फ्यूजन." डबा हातोहात सगळीकडे फिरला. अलकाताईंनी वाससुद्धा घेतला. इंद्रजित, तुझ्यावर राग नाही रे. सूचक तू होतास. अनुमोदक आम्ही अख्खी सभा होतो.

घरी आपण फोडणीला एक तेल ठेवतो, डोक्याला एक, देवाच्या दिव्याला एक आणि गुडघ्यांना चोळायला एक. आणि ट्रॅक्टरला म्हणे एकच!

पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी यांच्याकडे वळून विचारलं होतं, "भालचंद्रराव, तुम्ही ट्रॅक्टरच्याच कारखान्यात आयुष्य काढलंत. तुम्ही सांगा ना." त्यावर हे काय म्हणाले असतील? "सभेने ठरवावं. अध्यक्षांना मत नसतं." आम्ही समजलो, काहीही घातलं तरी चालत असणार. नाहीतर जाणता माणूस गप्प बसेल का?

सांगा, बसेल का?

ठराव एकमताने झाला आणि तेल पडलं. त्यानंतर मला एक बदल दिसला. पाण्याच्या रांगेत लतिकाताई दिसेनाशा झाल्या. त्यांच्या जागी बादली घेऊन स्वतः भालचंद्रराव, रोज सगळ्यात पुढे. मी घरी यजमानांना टोमणासुद्धा मारला, की बघा जरा, याला म्हणतात बायकोवर माया!

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. माझी कृतिका तेव्हा शाळकरी. शाळेला सुट्टी होती म्हणून मी तिला बादली देऊन रांगेत पाठवलं होतं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. भरलेला टँकर घेऊन द्वारका गेटातून आत वळला आणि उतारावर आला. ट्रॅक्टर थांबायला हवा होता. थांबला नाही. मागून टँकर रेटतोय, द्वारका दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलाय आणि ट्रॅक्टर खालीच येतोय. हातात ओला टॉवेल होता, तो तसाच.

तेव्हा पहिल्यांदा मी भालचंद्ररावांचा चढलेला आवाज ऐकला. "बाजूला व्हा!" असं ओरडले, कृतिकाचा दंड धरून तिला ओढलं आणि दोघंही खाली पडले. द्वारकाने चाक फिरवून ट्रॅक्टर चौकीदाराच्या खोलीवर घातला. बाकी कुणाला खरचटलंही नाही. कृतिकाची बादली चाकाखाली पार चपटी झाली. आणि द्वारकाचा पाय मोडला. त्या पायात आजही स्टीलची पट्टी आहे, खिळ्यांनी बसवलेली. थंडीत ठणकते म्हणतो.

पुढे काय झालं, ते आपल्यापैकी कुणालाच आठवायला आवडत नाही. आपण पुन्हा सभा बोलावली. ड्रायव्हर बेफिकीर, त्याला काढून टाका, असा ठराव. द्वारका प्लास्टरमध्ये, तिथेच दाराशी. "मैडम, ब्रेक तो पूरा दबाया था। कसम से पूरा।" कुणी ऐकेना. हात वर जायला लागले.

आणि भालचंद्रराव खुर्चीवरून उठले. टेबलाला वळसा घालून खाली आले, सतरंजीवर तुमच्या-आमच्यात बसले आणि म्हणाले, "मी आता अध्यक्ष नाही. आता बोलतो."

ते काय बोलले, ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणाले, "ट्रॅक्टरच्या मागच्या पोटात तीन गोष्टी एकाच तेलात बुडालेल्या असतात. गिअर, लिफ्ट उचलणारा हायड्रॉलिक पंप आणि ब्रेक. इंजिनाचं तेल काजळी आणि उष्णता सोसण्यासाठी केलेलं, आणि मोटारीचं उंची तेल तर घर्षण कमी करण्यासाठी. ते ब्रेकच्या चकत्यांना लागलं की चकत्या धरत नाहीत, घसरतात. त्या पोटाला ट्रॅक्टरसाठीच केलेलं वेगळं तेल लागतं. ब्रेक द्वारकाने दाबला होता. तेल चुकलं होतं. आणि मला ते पहिल्या सभेपासून माहीत होतं."

कृतिका माझ्या शेजारी बसली होती. दिल्लीत वाढलेली पोर, तिला वाटलं आपलं मराठी कच्चं, आपल्याला नीट कळलं नसेल. हळूच मला विचारते, "आई, म्हणजे अंकलना पता था?"

हो. अंकलना पता था. ठाऊक होतं म्हणून बायकोला रांगेत पाठवत नव्हते. ठाऊक होतं म्हणून स्वतः सगळ्यात पुढे उभे राहत होते. या माणसाने तीन आठवडे जीव धोक्यात घातला, पण सभेत तोंड उघडलं नाही, कारण ते नियमात बसत नव्हतं! मी आजही रात्री हा विचार करायला घेतला की उठून बसते. माझी मुलगी यांनी ओढून वाचवली, आणि ओढायची वेळही यांच्यामुळेच आली. आता सांगा डॉक्टरसाहेब, मी यांना हार कुठल्या हाताने घालू?

मी वर्षभर यांच्याशी बोलले नाही. लतिकाताईंना ठाऊक आहे. संक्रांतीला त्या तिळगूळ घेऊन आल्या, तर तोही मी दारातच घेतला. मग हळूहळू बोलायला लागले, कारण एका जिन्यात राहून माणूस किती दिवस तोंड फिरवणार? पण माफ केलं का? नाही. हे मी आज पहिल्यांदा जाहीर सांगते आहे. समारंभात शोभत नाही, ठाऊक आहे मला.

द्वारका मात्र नोकरीत राहिला, तो यांच्या त्या चार वाक्यांमुळे. आणि तो जुना ट्रॅक्टर पुढची सगळी वर्षं विनातक्रार चालला, तो यांनी पुढे होऊन दोन्ही तेलं निवडून दिली म्हणून. हेही तितकंच खरं, आणि ते माझ्याच तोंडून यायला हवं होतं.

असो. आता कार्यक्रमातला गोड भाग. संस्थेने नवा ट्रॅक्टर घेतला आहे, उद्या सकाळी त्याची पूजा आहे. टेबलावर हे हार घातलेले दोन डबे दिसताहेत ना? कमिटीने भालचंद्ररावांना कळू न देता आणले आहेत. इंद्रजित मला म्हणाला, "काकू, या वेळी पूर्ण होमवर्क केलंय. एक डबा नाही, दोन. इंजिनाचं वेगळं, हायड्रॉलिकचं वेगळं. काकांना सरप्राइज." माझं भाषण झालं की भालचंद्ररावांनी आपल्या हाताने ते द्वारकाला द्यायचे आहेत. द्वारकाजी, आप इधर आ जाइए।

अध्यक्षमहाशय, एक छोटीशी परवानगी द्या. त्या वेळी ज्या प्रश्नाचं मला उत्तर मिळालं नाही, तो आज मी पुन्हा विचारते. रीत म्हणून. भालचंद्रराव, आज या सभेचे अध्यक्ष डॉक्टर आहेत, तुम्ही नाही. तुम्हांला मत आहे. सगळ्यांसमोर सांगा बरं, ही तेलं बरोबर आहेत ना?

टाळ्या नंतर. आधी त्यांना बोलू द्या.

डावीकडचा डबा... हो. इंजिनाचं ठीक आहे म्हणताहेत. छान. इंद्रजित, शाबास. आणि उजवीकडचा?

भालचंद्रराव?

अहो, मान काय हलवताय? काय म्हणालात?

"नाही"?

थांबा. कुणी उठू नका. मागे ऐकू गेलं नसेल, मीच सांगते. ते म्हणाले, नाही. पुन्हा सांगा... हे हायड्रॉलिकचंच आहे, पण खोदकामाच्या मशीनचं. त्या मशीनमध्ये तेलात फक्त पंप असतो. आपल्या ट्रॅक्टरच्या मागच्या पोटात ब्रेकसुद्धा आहेत, त्यांना हे चालणार नाही.

अरे देवा.

उद्या सकाळी पडणार होतं हे. याच हातांनी. भालचंद्रराव, तुम्ही तासभर या डब्याशेजारी बसला होतात! त्याच्यावरची अक्षरं तुमच्यापासून हातभर अंतरावर! चार भाषणं ऐकलीत, शाल घेतलीत, श्रीफळ घेतलंत... काय? "कार्यक्रम संपल्यावर कमिटीला खाजगीत सांगणार होतो"?

खाजगीत!

मला पाणी द्या कुणीतरी.

मी काय बोलणार होते, ते सगळं विसरले आहे. कागद आहे हातात, पण त्यात पुढे कवितेच्या ओळी आहेत, त्या आता वाचवत नाहीत. द्वारका, पायाने अधू झालेला माणूस तू, आणि तू हसतोयस? हँस रहे हो? हसा. एवढं तरी कळलं की हे आता विचारल्यावर सांगतात. आठ वर्षांपूर्वी मी विचारलं तेव्हा सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, व्यासपीठावरून, भर सभेत, स्वतःच्या सत्कारात, की कमिटीनेच आणलेला डबा चुकलाय. यांच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल, ते मला समोर दिसतंय.

लतिकाताई, हार इकडे द्या. मघाशी मी घातला नव्हता, डॉक्टरांना पुढे केलं होतं. आता मी घालते. दोन्ही हातांनी.

इंद्रजित, उजवीकडचा डबा उद्या दुकान उघडताच परत. आणि भालचंद्ररावांनी सांगितलेलं तेल येईपर्यंत पूजा पुढे ढकलली. कुणी सूचक नको, अनुमोदक नको, मतदान नको.

आभार मानायचे राहिले. डॉ. आगटे एवढ्या लांबून आले, आमची घरची भांडणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, त्यांचे आभार. जेवणाची व्यवस्था बघणाऱ्या अलकाताईंचे आभार. द्वारकाजींचे आभार मी एका वाक्यात मानू शकत नाही, त्यांच्या घरी जाऊन मानेन. पाटणकर दांपत्याला पानिपतला सुखाचं आयुष्य लाभो. लेकीकडे चहा की कॉफी विचारलं, तर भालचंद्रराव, कृपा करून उत्तर द्या.

आणि शेवटी रीतीप्रमाणे वक्त्याने म्हणायचं असतं, की बोलण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला. मी नाही म्हणणार. उद्यापासून मी अध्यक्ष आहे, म्हणून आजच सांगून ठेवते. माझं काही चुकलं, तर ते पोटात घालू नका. उभे राहा, आणि तिथल्या तिथे सगळ्यांसमोर सांगा.

नमस्कार.