दसऱ्याचा निळा रंग

बस. चहा मिळणार न्हाय, करायला घरात कोण न्हाय. आणि तुलापण पहिल्यापासून सांगायचं? पोलिसाला सांगितलं, गावाला सांगितलं, तोंड दुखलं माझं. तुझी बहीण कोन गावात तुझ्या घरी बसून रडते म्हणून मी किती वेळा घसा कोरडा करायचा, मनोज?

ऐक मग. राहनाळच्या आपल्या यार्डात बाहेरच्या देशातलं लढाईचं भंगार येतं. त्यात विमानातून टाकायचे बॉम्ब असतात — साधे, ना इंजिन, ना डोकं — सोडला की पडतो, खाली शाळा हाय का शेत, त्याला काय घेणं? लांबुळके, पोटाळ, जाड पाठीचे, सगळे आतून साफ करून पाठवलेत म्हणतात. म्हणतात. म्हणून आपला कायदा — निळा तो सरावाचा, आत सिमेंट, बिनधास्त काप. हिरवा तो खरा, त्याला हात लावायचा न्हाय. कुमारला हे मीच शिकवलं. धाकटा भाऊ माझा, दुसरं कोण शिकवणार?

तर दसऱ्याला यार्डात पूजा. कटर, वजनकाटा, टेम्पो, सगळं धुवायचं, झेंडू घालायचा. निळ्या रंगाचा डबा उरलेला — मी म्हटलं, बॉम्बपण रंगवून टाका, गंजकी वस्तू देवापुढं ठेवायची काय? रंगवले सगळे. हिरवेपण. झकास दिसत होते, फोटो हाय. कुमार कुठं होता? सासुरवाडीला. तुझ्याच घरी, श्रीखंड खात.

दुसऱ्या दिवशी आला नि गॅसचा कटर पेटवून बसला निळ्यावर. मी समोर खाटेवर — हो, दिसत होतं मला, डोळे चांगले हायत माझे. पण सांगणार कसा? त्यानं वाटणी मागितली तेव्हापासून आमचं बोलणं बंद. थोरला मी, आणि पहिला मी बोलू? त्यानं यावं, पाया पडावं, मी सांगणारच होतो —

काय बघतोस असा? माझ्यापण कानाचा पडदा गेला, त्याचं कोण विचारतं? आणि त्याच्या तेराव्याला तुझ्या बहिणीनं भरल्या पंगतीत मला खुनी म्हटलं. थोरल्या दिराला, तोंडावर. त्यासाठी बाहेर काढली तिला, वाटणीसाठी न्हाय. परत घरात यायचं तर उंबऱ्यावर डोकं टेकून यायचं, सांग तिला.

ऊठ. चपला तिकडं हायत. गावानं ऐकलं नि गप बसलं, पोलिसानं अपघात लिहिला, सगळ्यांचं मिटलं. माझी माफी मागायचं एकीचंच राहिलंय — रूपा.