कॉफीच्या वासाआड

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे इथले स्टेशन मॅनेजर माननीय काकासाहेब डोणगावकर, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, माझ्या बरोबरीनं उडालेल्या सगळ्या सहकारी, आणि फुलंब्रीहून सकाळच्या जीपनं आलेली माझी माणसं. पुढच्या खुर्च्या साहेबलोकांना सोडून तुम्ही मागं जाऊन बसलात, पण मी तुमच्याकडं बघूनच बोलणार आहे. सगळ्यांना द्वारका गाडेकरचा नमस्कार.

माझ्याबद्दल इथं फार चांगलं बोललं गेलं. चोवीस वर्षांत माझ्या विमानातून एकही तक्रार गेली नाही, असं साहेब म्हणाले. खरं आहे ते. पण आज मला त्याचीच लाज वाटते. का, ते सांगते.

मी हवाईसुंदरी म्हणून नोकरीला लागले तेव्हा आमच्या राजाआत्यानं विचारलं होतं, “इमानात वारं कुठून येतं गं? खिडकी तर उघडत नाय म्हणं.” घरात सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसले. प्रश्न किती शहाणा होता हे कळायला मला वीस वर्षं लागली. ते वारं बहुतेक विमानांत इंजिनातून ओढलेलं असतं. एखादं सील झिजलं तर तेलाची वाफही त्याच्याबरोबर आत येते. ओले मोजे दिवसभर बुटात कोंबावेत, तसा वास येतो. माझ्या सहकाऱ्यांना तो ओळखू येतो, बघा, मान डोलावतायत.

अन् वास आला की आम्ही काय करायचो? कॉफीची पुडी फोडून टॉयलेटात टांगायची, थोडी ओव्हनमध्ये तापवायची. दोन मिनिटांत घमघमाट. प्रवासी खूश, विमान वेळेवर. मला ही युक्ती कुणी शिकवली आठवत नाही, पण मी ती निदान दोनशे पोरींना शिकवली. लॉगबुकात, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, मात्र काही लिहायचं नाही. वास गेला ना, मग लिहायचं काय?

तिसऱ्या रांगेत आशा खरात बसली आहे, आपल्या मुकुंदवाडीची. दोन वर्षांपूर्वी दिल्लीहून येणाऱ्या सकाळच्या विमानात ती माझ्या हाताखाली होती. इथं चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरायच्या आधी तोच वास आला, पण असा की डोळे चुरचुरले. ती मागच्या बाजूला उभी होती, तिथं जास्त होता. मला म्हणाली, “ताई, लिहायचं का?” मी म्हणाले, “अगं, कॉफी टाक, जातोय.” तिनं टाकली. त्या आठवड्यापासून तिचा हात कापतो. भरला कप धरला की चहा बशीत येतो. सव्वीस वर्षांची आहे ती.

डॉक्टर म्हणाले, कारण छातीठोकपणे सांगता येत नाही, हवेत काय होतं त्याची नोंद आणा. नोंद कुठून आणायची? येत्या सोमवारी वैद्यकीय मंडळापुढं तिची शेवटची सुनावणी आहे, आणि कंपनीचं म्हणणं एवढंच, की त्या दिवशी वास आल्याचा कागद नाही. मंडळानं ते मानलं, तर आजार तिचा खासगी आणि ती कायमची घरी.

मलाही खोकला आहे. दिवाळीत घरी गेले तर आमचे आप्पा, कडूबा गाडेकर, सारा जन्म मेंढरांमागं गेला त्यांचा, म्हणाले, “एकटीच खोकती का समद्याच?”

म्हटलं, “लई जणी आहेत आप्पा.”

“मंग मेंढरं कोंडायचं वाडगं बघा की. मेंढरालाच औषध पाजून काय व्हतंय?”

ते जेवायला बसले. मी तिथंच कागद घेतला अन् त्या दिवशीच्या वासाबद्दल कंपनीला लिहायला लागले.

तेच पत्र ऑफिसात तीनदा दिलं. प्रत्येक वेळी “ठेवून जा मॅडम” म्हणाले, पोच दिली नाही. पोच नाही म्हणजे पत्र आलंच नाही, हे सरकारी काय अन् खासगी काय, सगळीकडं सारखंच. आज सकाळी साहेब मला प्रेमानं म्हणाले, “द्वारकाताई, शेवटचा दिवस आहे, गोड बोला आणि मोकळ्या व्हा. हे दिलंत तर चौकशी तुमच्यावरच बसेल.” बरोबर आहे साहेब. वास आला होता, केबिनची प्रमुख मी होते, लिहू दिलं नाही ते मी. पत्रात पहिल्याच ओळीत तसं आहे. बसू द्या चौकशी. मी येईन, खोकत खोकत येईन, पण येईन.

आणि समोर बसलेल्या माझ्या पोरींनो, मी शिकवलेली ती युक्ती आजपासून विसरा. वास आला की आधी वैमानिकाला सांगा, मग लिहा. विमानाला उशीर झाला तर होऊ द्या.

तुम्ही सगळे वेळ काढून आलात, शाल दिलीत, तुमचे उपकार मी विसरणार नाही. बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल, मानपानात काही राहून गेलं असेल, तर आपली मानून पोटात घाला. पत्राची मात्र माफी मागत नाही.

साहेब, या दोन प्रती. एक तुमची, दुसरीवर पोच द्या. शिक्का नसला तरी चालेल. जेवणाला उशीर होतोय, पण मी थांबते.

हा घ्या पेन.

सहीखाली तारीखही टाका साहेब. आभारी आहे.

आशा, इकडं ये. हात कापतोय तर कापू दे. दोन्ही हातांनी धर, आणि सोमवारी मंडळाच्या टेबलावर पहिला हाच कागद ठेव.