जुबेदाच्या नावाचा ओटा

आम्ही मूळचे वैजापूरकडचे, पिंजारी. अब्बा खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव हिंडायचे, कोणाच्याबी ओसरीत बसून कापूस पिंजायचे, गादी भरून द्यायचे, आन् मी मागं मागं, टाके घालायला. मग इथं शहरात आलो, पत्र्याचं दुकान टाकलं, जागा आमची रीतसर, आन् दुकानासमोर रस्त्यावर लिंबाचं झाड, ते सरकारी. पुढं मशीन घेतली पिंजायची. मशीनचा भुगा लई उडतो, माझा आवाज त्याच्यानंच बसलाय, तुम्हाला नीट ऐकू यायलंय ना?

तर जुबेदा, माझी बायको, ती वारली. आमच्यात माणूस गेलं की त्याच्या नावानं सबील लावत्यात, म्हंजे येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजायचं, त्याचं पुण्य गेलेल्याला पोचतं. लिंबाची सावली व्हतीच, म्हून मी झाडाला गोल ओटा बांधला, वर रांजण ठेवला, आन् दगडावर नाव कोरून घेतलं, जुबेदाबीच्या नावानं. सगळी गल्ली प्यायची, फुलंब्रीकडून कामाला येणारी माणसंबी थांबायची.

पुढं झाड दुकानाकडं कलायला लागलं. महापालिकेच्या ऑफिसात गेलो, म्हटलं, साहेब, एवढी फांदी तोडा. साहेब म्हणले, चाचा, सरकारी झाड हाय, तुम्ही हात लावाल तर केस व्हईल, आम्ही बघतो. बरं म्हटलं. नाय लावला हात. त्यांनीबी नाय लावला.

मग वादळात पडलंच. मी नमाजला गेलतो, आलो तर दुकान नाय. खाली पत्रे, पत्र्याखाली मशीन, वर लिंब. माणसं ओरडायलीत, चाचा कुठंय, चाचा कुठंय, आन् मी त्यांच्याच मागं उभा राहून बघायलोय. काय सांगू तुम्हाला, रडूबी आलं नाय. अजूनबी आलेलं नाय.

भरपाई मागायला गेलो तर तेच साहेब म्हणले, ओटा तुम्ही बांधला, दगडावर तुमच्या घरचं नाव, ओट्यानं मुळं दबली, मग झाड तुमचंच झालं की. म्हटलं, साहेब, फांदी तोडायची व्हती तवा सरकारचं व्हतं ना? साहेब म्हणले, मोठ्या साहेबासमोर बोला. आता मशीनबिगर मी काय करणार व्हतो? हात चालत नायत पहिल्यासारखे. गिऱ्हाईक दुसरीकडं जायला लागलं.

सलीम, माझा लेक, वाळूजला कंपनीत हाय. सुट्टी टाकून माझ्यासोबत आला. मोठ्या साहेबानं इचारलं, ही जुबेदाबी कोण तुमची? मी तोंड उघडलं, तेवढ्यात सलीम बोलला, साहेब, आम्हाला माहीत नाय, गल्लीतली असंल कोणतरी, ओटा जुनाच हाय. तिचा पोटचा पोरगा. साहेब माझ्याकडं वळले, चाचा, खरंय का? मी काय बोललोच नाय. त्यांनी ते व्हय म्हून धरलं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. पत्रे नवे आले, मशीन नवी आली, चांगली हाय, आवाज कमी करती. आन् ओटा कोणाचाच नाय म्हटल्यावर ते रस्त्यातलं अतिक्रमण झालं ना, तर ट्रॅक्टर आला, त्यांनी ओटा फोडला, भरला, त्याच्यातच दगडबी नेला. मी मशीनवर बसलो व्हतो, उठलो नाय. उठून काय म्हणणार व्हतो, कोणाचा दगड हाय म्हून?

सलीम संध्याकाळी डुटीवरून आला, मोकळी जागा बघितली, गाडी चालूच ठेवून उभा राहिला जरा वेळ, मग तिथंच लावली. आता रोज तिथंच लावतो. त्या गोष्टीवर आम्ही दोघं कधी बोललो नाय. मला त्याचा राग यायला पाहिजे, म्हंजे लोकं तसं म्हणत्यात, पर येत नाय, काय येतं तेबी कळत नाय. माझं पोट चालावं म्हूनच बोलला ना त्यो. अल्ला त्याला सुखात ठेवो. आन् तिलाबी.