वरची शाळा, खालची शाळा

मी सभेत तोंड का उघडत नाही, विचारता ना? एकदा उघडलं होतं, जर्मनीत झिंडेलफिंगेनला असताना. माझी मीरा तेव्हा दुसरीत होती. तिच्या सरकारी शाळेचा वरचा मजला नगरपालिकेने एका नव्या खासगी शाळेला दिला आणि पालकांमध्ये जुंपली. खालचे म्हणायचे, आमचा संगीताचा वर्ग गेला. वरचे म्हणायचे, खालची मुलं आमच्या मुलांना मैदानात धक्के मारतात. मीराची एकुलती एक मैत्रीण लेना लांबच्या गावात राहायची आणि त्याच वर्षी वरच्या शाळेत गेली होती. दोघी भेटायच्या त्या फक्त मैदानात.

पालकसभेत दोन तास नुसती भांडणं. शेवटी मी उभी राहिले आणि मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, "मधली सुट्टी वेगवेगळ्या वेळी ठेवा. मुलं समोरासमोर आलीच नाहीत तर भांडतील कशी?" टाळ्या पडल्या. ठराव एकमताने पास झाला.

घरी नवऱ्याला मोठ्या कौतुकाने सांगत होते, तर मीराने जर्मनमध्येच विचारलं, "मग मी लेनाला कधी भेटू?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंना विनवलं, ठराव मागे घ्या. त्या म्हणाल्या, "इतक्या महिन्यांत दोन्ही बाजूंना पटलेली ही एकच गोष्ट आहे. आणि ती तुम्हीच सुचवलीत."

चौथी संपेपर्यंत मीरा सुट्टीत भिंतीपाशी एकटी उभी असायची. लेना वरच्या खिडकीतून हात करायची. तेही पहिले काही आठवडेच.