पंखातलं वाकडं रिपीट

नाही, पण मी म्हणते, एवढ्याशा रिपिटापायी जित्याजागत्या माणसाला स्वतःच्या खोलीबाहेर निजवतात का कुठे? रिपीट हो! बादलीच्या कडीपाशी, कढईच्या कानापाशी ठोकलेलं बोंड असतं ना, तेच ते. आमचे जावईबापू लगेच, "आई, रिपीट नाही, रिव्हेट म्हणा, रिव्हेट." मी म्हटलं, तुम्ही ठोकता, काढता, पुन्हा ठोकता, पुन्हा काढता, मग रिपीटच की ते, आणखी काय!

तर विमान. हो, विमान! हसू नका. लोक हौसेनं पोपट पाळतात, आमचे जावई विमान बांधतात, तेही घरात. दिवसभर ऑफिसात खुर्ची झिजवायची आणि घरी आलं की पत्र्याला भोकं पाडत बसायचं. दोघांपुरतं आहे म्हणे, एका खुर्चीत हे आणि शेजारच्या खुर्चीत माझी लेक. आता धड ठेवलंय गॅरेजात, शेपूट जिन्याखाली, आणि पंख... पंख कुठे? तर माझ्या खोलीत! का, तर तीच खोली लांबीला पुरते. आणि माझी खाट पॅसेजमध्ये, न्हाणीघराच्या दाराशी. जो तो माझ्या पायांना धडकतो, "सॉरी आई" म्हणतो आणि मग आंघोळीला जातो. जावई म्हणाले होते, "पंख बंद झाला की त्याच दिवशी खोली तुमची."

आणि झाला हो बंद! हात जाईल एवढा झरोका तेवढा खालून उघडा. शेवटचं रिपीट बसलं, लेकीनं टाळ्या वाजवल्या, मी उशी काखोटीला मारून दारात उभी, आणि हे खाली वाकले, एक डोळा बारीक केला आणि म्हणाले, "अरेरे!" मला वाटलं, कंबर धरली. कंबर कसली! ती टरटर वाजणारी हवेची बंदूक जरा सरकली होती आणि एका रिपिटाच्या डोक्यावर नखाएवढी चंद्रकोर उमटली होती. अख्ख्या पंखावर रिपिटं ही एवढी, आणि त्यातल्या एकावर नखाएवढी कोर!

"किरकोळ आहे, आई. आत्ता काढतो, आत्ता बसवतो."

किरकोळ! तुम्हाला सांगते, हा माणूस 'किरकोळ' म्हणाला ना, की मी उशी परत खाटेवर नेऊन ठेवते.

लेक म्हणाली, "अहो, राहू द्या ना, रंग दिला की झाकेल." तर हे केवढ्यानं उसळले! "झाकेल? विमानवाल्यांच्या क्लबातले लोक बोट फिरवून बघतात! त्या टकल्याच्या पंखावर सगळे कसे हसले होते, विसरलीस?" मी म्हटलं, वर आभाळात बोट फिरवायला कोण येणार आहे, घार? पण ऐकतो कोण! डोळ्यांवर चष्मा, कानांवर वाट्या, हातात ड्रिल, जणू मेंदूचंच ऑपरेशन... घुर्रर्र... आणि ड्रिल घसरलं! गोल भोक झालं लांबुळकं. आधी नुसती कोर होती, आता खिंडार. "किरकोळ आहे, आई. जरा जाड रिव्हेट घालू." आणि जुन्या रिपिटाचा तुकडा? तो पडला आत, पंखाच्या पोटात! पंख हलवला की खुळखुळ, खुळखुळ. विमान नाही, खुळखुळा बांधलाय नुसता!

आता आत हात घालायचा कुणी? शिवाय रिपीट ठोकताना आतून लोखंडी ठोकळा टेकवून धरायला माणूस लागतं, तेव्हा कुठे रिपिटाचं आत निघालेलं शेपूट चेपून पसरतं. पंख उघडा होता तोवर लेक धरायची. आता त्या झरोक्यात यांचा पंजाच जाईना. लेकीचा गेला तो कोपराशी अडकला, साबण लावून काढला. मग दोघं हळूच वळून माझ्याकडे बघायला लागली. काय ती गोड नजर! जावई म्हणतात, "आई... तुमचा हात कसा नाजूक आहे." इतक्या वर्षांत माझ्या हाताला कधी नाजूक म्हणाले नव्हते!

पण म्हटलं, खोली हवी ना? घाल हात. पडले जमिनीवर उताणी, माझ्याच खोलीत, पंखाखाली, खांद्यापर्यंत हात आत. तुकडा काढून दिला. ठोकळा धरला. "आई, घट्ट हं!" आणि टर्रर्रर्र! कवळी तोंडात नाचायला लागली, ठोकळा सोडू की दात धरू! आणि बसलं हो, बसलं! लेक उड्या मारायला लागली. हे म्हणाले, "सुरेख! आई, खोली तुमची!"

हात बाहेर काढत होते... आणि बोटांना लागलं. बाकीची सगळी शेपटं बटणासारखी चपटी, गुळगुळीत, आणि शेजारचंच एक आडवं निजलेलं, वाकडा खिळा निजावा तसं. गप्प बसायचं ना मी? आत कोण बघतंय? खाट हलली असती, पाय सुखानं पसरले असते... पण जीभ! "जावईबापू, इथं एक वाकडं लागतंय हो."

त्यांनी बॅटरी मारली, आरसा धरला, बघितलं आणि काय म्हणावं? "हां... ते किरकोळ आहे, आई. राहू दे. आतलं आहे, कुणाला दिसणार?"

अशी तिडीक गेली डोक्यात! म्हटलं, "बाहेरचं दिसतं म्हणून धडधाकट रिपीट उपटलंत, आणि आतलं वाकडं दिसत नाही म्हणून ठेवता? त्यात माझी लेक बसणार आहे, तुमचा टकल्या नाही! काढा!"

लेक म्हणाली, "अगं आई, पण तुझी खोली..."

"खोली गेली खड्ड्यात! काढा म्हणते ना!"

काढलं. मग म्हटलं, हात आत आहेच तर पुढचीही चाचपू. चाचपली... आणि सापडली की हो आणखी! आता रोज संध्याकाळी चहा झाला की मी उताणी, पंखाखाली. एकेक बोटानं बघते, वाकडं लागलं की "काढा." हे कुरकुरतात, काढतात. आणि रात्री खाट आपली तिथेच, न्हाणीघराच्या दाराशी.

काल फाटकाशी शेजारच्यांनी विचारलं, "काय साहेब, कधी उडणार विमान?" मी खिडकीत उभी, सगळं ऐकतेय. आमचे जावईबापू मान खाली घालून काय म्हणतात?

"माझ्याकडून केव्हाच तयार आहे हो. पण सासूबाई पास करत नाहीयेत!"